लता खिल्लारेचे दोन डोळे

लता खिल्लारे दात घडवायची. घाटकोपरच्या पंतनगरात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर तिथे पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवतात आणि तिथून कॅपा, ब्रिज तयार होऊन परत जातात. खिडकीजवळचं टेबल लताचं. समोरच्या दातांचं नाजूक काम आलं, की लॅबचे मालक श्यामकांत देसाई साचा उचलून मुकाट तिच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ते कुणाला द्यायचं याची चर्चाच व्हायची नाही.

काम करताना लता चष्मा काढून ठेवायची, हे नव्या माणसाला फार चमत्कारिक वाटे. तिचा डावा डोळा मायनस एकोणीस, उजवा मायनस सतरा. चष्मा नसला तर समोरचा माणूस बाई की बुवा हे तिला कळायचं नाही. पण तीच वस्तू नाकापासून चार बोटांवर धरली, की भिंगाखाली ठेवल्यासारखी मोठी आणि लख्ख दिसायची. दातावरची केसाएवढी रेघ, कडेची निळसर झाक, सगळं. चष्मा लावला की लता रस्ता ओलांडू शकायची आणि काढला की दात घडवू शकायची. यातच तिची वीसेक वर्षं गेली होती.

लहानपणी मात्र या नंबराने तिला रडवलं होतं. तिचे वडील भाऊराव हिंगोलीकडून येऊन मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन झाले. वर्गात पोरं तिला ‘भिंगवाली’ म्हणायची. तेव्हा भाऊराव म्हणाले होते, “भिंगवाली तर भिंगवाली. पहिल्या बाकावर बस आणि फळा पाठ कर.” तिने तेच केलं. डेंटल टेक्निशियनचा कोर्स केला, नोकरी धरली, भीमराज खिल्लारेशी लग्न केलं. भीमराज महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. कोणत्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर. बोलायला कमी, पण माणूस भरवशाचा. मुलगी तेजल पार्ल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, लताचं काम परत यायला लागलं.

आधी एक कॅप आली. डॉक्टरांची चिठ्ठी होती, कडेला फट राहते आहे. लताने कॅप घडवायच्या मेणाला दोष दिला. मग एक ब्रिज आला, तोच प्रकार. श्यामकांतनी समोरच्या दातांचं पुढचं काम दुसऱ्या टेबलावर ठेवलं. लताने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दोनचार दिवसांनी घासकामाची बारीक धूळ तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा घट्ट मिटून तिने चष्मा चढवला आणि खिडकीकडे पाहिलं. चष्म्यातून दिसणारे खिडकीचे गज मधोमध आत ओढल्यासारखे वाकले होते. जिथे वाकले होते तिथेच एक मळकट तपकिरी डाग. तिने मान हलवली, तर डागही हलला. म्हणजे डाग खिडकीवर नव्हता.

“गंधाली, इकडे ये. हे गज सरळ आहेत ना गं?”

गंधाली लॅबमधली कॉम्प्युटरवाली. दातांची डिझाइन ती स्क्रीनवर करायची आणि मशीन ते दात कापून काढायचं. लताला त्या प्रकाराबद्दल फारशी आस्था नव्हती, पण गंधालीशी तिचं जमायचं. गंधालीने गजांकडे पाहिलं, मग लताकडे.

“सरळच आहेत. का गं ताई?”

“मला वाकडे दिसतायत.”

“मग आजच दाखव. यार, डोळ्याशी मस्ती नको.”

लता त्याच संध्याकाळी नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेली. त्याने नंबर वाढलाय म्हणून सांगितलं आणि नवीन काचा बनवायला घेतल्या. काचा येण्यात काही दिवस गेले, त्या लावूनही गज वाकडेच राहिले. तेव्हा भीमराजने एक दिवस रजा टाकली आणि तिला मुलुंडमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर शर्मिष्ठा रानडे पन्नाशीच्या, बोलण्यात सरळ. त्यांनी डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दोन्ही डोळ्यांचे स्कॅन काढले आणि स्क्रीन दोघांच्या समोर फिरवली.

“लताताई, तुमचे डोळे लांब आहेत. चेंडूसारखे गोल असायला हवेत, ते मागच्या बाजूने फुगून अंड्यासारखे झालेत. म्हणून एवढा मोठा नंबर. डोळा वर्षानुवर्षं ताणला गेला, आतला पडदा पातळ झाला. डाव्या डोळ्यात पडद्याच्या खाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात आणि त्यांतून रक्त झिरपलंय. तो तुमचा डाग.”

“चष्म्याने जाणार नाही?”

“नाही. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. त्या रक्तवाहिन्या सुकवायच्या. लवकर दिलं तर बराच फायदा होतो. पण डाग पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही.”

डोळ्यात सुई म्हटल्यावर भीमराजनेच खुर्चीचा दांडा धरला. लता मात्र स्क्रीनकडे बघत होती. तिथे दुसरंही चित्र होतं, उजव्या डोळ्याचं.

“आणि हा? हा तर चांगला डोळा आहे माझा.”

डॉक्टरांनी ते चित्र मोठं केलं. “त्यातही चालू झालंय. मागची भिंत फुगत गेली, पण पडदा तेवढा वाढत नाही. त्यामुळे तो ताणून उभा फाटायला लागलाय, त्याचे थर सुटतायत. इथे मधोमध बघा, छोटं भोक पडायच्या बेतात आहे. सध्या लक्ष ठेवू. आधी डावा.”

बाहेर आल्यावर भीमराजने फाइल काखेत मारली. मग म्हणाला, “तुझा चांगला डोळा कोणता आणि वाईट कोणता, तेच कळेना आता.”

“दोन्ही माझेच आहेत,” लता म्हणाली. “दोन्ही वाचवायचे.”

इंजेक्शन दुखलं नाही. बधिर करायचे थेंब, पापण्यांना चिमटा, मग डोळ्यात दाब आल्यासारखं आणि पाण्यात शाईचा थेंब पडावा तसं काहीतरी तरंगलेलं. महिन्याने दुसरं झालं. डागाचा तपकिरी रंग फिका होत गेला, गजही बऱ्यापैकी सरळ झाले. मधोमध एक पुसट ठिपका मात्र राहिला. लताने तो कबूल केला आणि कामाला लागली. काम आता उजव्या डोळ्यावर होतं.

लॅबमध्ये तिने श्यामकांतना स्वतःहून सांगितलं.

“सर, डोळ्यांचं असं आहे. बारीक काम मी करीन, पण प्रत्येक नग गंधाली तपासेल. काम परत आलं तर लॅबचं नाव जाईल, ते नको.”

श्यामकांतनी टाळाटाळ केली नाही. “लताताई, तुमचं टेबल तुमचंच आहे. मी आधीच विचारायला हवं होतं, धीर झाला नाही.”

पावसाळा संपता संपता उजवा डोळाही गेला. एकदम नाही, दोनतीन दिवसांत. बसची पाटी वाचताना मधले आकडे गायब आणि कडेचे तेवढे दिसायला लागले. भीमराजचा चेहरा पाहावा तर कान दिसायचे, नाक नाही. या वेळी लता चष्मेवाल्याकडे गेली नाही. रिक्षा केली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

भोक पडलं होतं आणि त्याच्या भोवतीचा पडदा उचलला गेला होता. ऑपरेशन लागणार, तेही लवकर.

कुणाच्या तरी आग्रहाने भीमराज तिला अंधेरीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडेही घेऊन गेला. त्यांचं मत पडलं, की फक्त आतून ऑपरेशन करावं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढायचा, पडद्याला ओढणारा पातळ पापुद्रा सोलायचा, गॅस भरायचा. नाही जमलं तर पुढचं पुढे बघू. भीमराजला हे पटलं. ऑपरेशन जेवढं छोटं तेवढं बरं, असा त्याचा साधा हिशोब. लताला ‘नाही जमलं तर’ हे शब्द खुपले. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर शर्मिष्ठांच्या समोर बसली.

“तुम्ही काय करणार ते मला नीट सांगा. मी साच्यावर काम करणारी बाई आहे, मला समजेल.”

डॉक्टर हसल्या. “बरं. कॅप साच्यावर बसत नाही तेव्हा तुम्ही काय करता?”

“कॅप आतून घासते. पण साचाच मोठा झाला असेल, तर नुसती कॅप घासून भागत नाही.”

“तुमच्या डोळ्याचंही तेच आहे. पडदा आतून ओढला जातोय, ती ओढ काढायची. पण मागची भिंत फुगलेलीच राहिली, तर पडदा पुन्हा सुटू शकतो. म्हणून बाहेरच्या बाजूने, डोळ्याच्या मागे, एक छोटा आधार शिवायचा. तो भिंतीला पुढे ढकलेल, म्हणजे पडदा टेकायला जागा जवळ येईल. तुमची भिंत फार फुगलीये, म्हणून दोन्ही एकदम करावं असं माझं मत आहे. अंधेरीच्या डॉक्टरांचं चूक नाही. पुष्कळ डोळ्यांना आतून केलेलं पुरतं. तुमच्या डोळ्याला ते पुरेल असं मला वाटत नाही.”

“धोका?”

“आहे. मोठं ऑपरेशन आहे. रक्तस्राव होऊ शकतो, डोळ्याचा दाब वाढू शकतो, काही दिवस एकाचे दोन दिसू शकतात. सगळं छान होऊनही भोक मिटेलच अशी खात्री मी देत नाही.” मग त्यांनी टेबलावर पेन ठेवलं. “आणि तिसरी गोष्ट. या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. ऑपरेशननंतर तो झपाट्याने वाढतो. तेव्हा त्याच वेळी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवावं. तुमचा नंबर सतरावरून तीनच्या आसपास येईल.”

“म्हणजे जाड चष्मा जाणार!” भीमराजचा चेहरा उजळला. “ऐकलंस लता?”

लताने ऐकलं होतं. पण तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. नंबर गेला की ते चार बोटांवरचं दिसणंही जाणार. मग दात नाकाशी धरून काय उपयोग? ज्या डोळ्यांपायी तिने भिंगवाली म्हणवून घेतलं, त्याच डोळ्यांनी तिला पोटापाण्याला लावलं होतं. आता ते वाचवायचे म्हणजे त्यांतलं तेवढंच सोडून द्यायचं.

“सतराच राहू दे म्हटलं तर?” तिने विचारलं.

भीमराज तिच्याकडे बघतच राहिला.

डॉक्टरांना मात्र प्रश्न समजला. “भिंग तसं निवडता येईल. पण ताई, खरं सांगू? भोक मिटलं तरी मधली नजर पूर्वीसारखी बारीक राहणार नाही. सतरा ठेवला तरी ते काम त्या डोळ्याने होईलच असं नाही. आणि जाड चष्म्यात लांबचं जे थोडं दिसायचं, तेही लहान दिसेल. घाई नाही, उद्या सांगा.”

घरी आल्यावर लताने कुणाशी वाद घातला नाही. भाकऱ्या थापल्या, तेजलला वाढलं. मग भीमराजला समोर बसवून म्हणाली, “अहो, ऐका. तिन्ही एकदम करायचं. भिंग, आतलं आणि मागचा आधार. तीनचा नंबर ठेवायचा.”

“आणि काम?”

“काम बघू. नजरच राहिली नाही तर कुठलं काम? अर्धवट करून पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला मी तयार नाही.”

“मला वाटतं, आधी छोटं...”

“तुम्ही गल्लीतली गळती काढता, तेव्हा वरून सिमेंट फासून येता का?”

 दुसऱ्या दिवशी भीमराज दीर्घ रजेचा अर्ज देऊन आला.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. बाहेर तेजल आणि भीमराज बाकावर बसून होते. तेजल सारखी उठून दाराच्या काचेतून बघायची. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, “जसं ठरवलं होतं तसं झालं. आता पुढचं काम त्यांचं.”

पुढचं काम म्हणजे पालथं पडून राहणं. डोळ्यात भरलेला गॅसचा फुगा वर जातो, म्हणून मान खाली ठेवायची. मग तो मागच्या पडद्याला टेकतो आणि भोक मिटेपर्यंत दाबून धरतो. जेवणं, अंघोळ आणि औषध एवढं सोडून लता जवळजवळ आठवडाभर तशीच होती. डोळा सुजून बंद, मागे टाका ओढल्यासारखा ठणका. भीमराजने दोन खुर्च्यांमध्ये उशा बांधून चेहरा टेकवायची जागा केली. पाणी पिताना तो स्ट्रॉ धरून खाली बसायचा.

“मान अवघडली ना?”

“अवघडली.”

“जरा उठतेस?”

“नाही.”

मागे एकदा लता विपश्यनेच्या शिबिराला बसली होती. तेव्हा पाय मोडून येतील असं वाटूनही उठली नव्हती. आता ती तसाच श्वास बघत राहायची, आणि श्वास सुटला की मनातल्या मनात वंदना म्हणायची. तेजल शेजारी फरशीवर पालथी पडून कॉलेजच्या गमती सांगायची, म्हणजे दोघींची तोंडं एका पातळीवर यायची. एकदा सांगता सांगता तेजल रडायला लागली.

“मम्मी, तुला दिसेल ना गं?”

“दिसेल. रडू नको, मलाही रडवशील आणि मान हलेल.”

पट्टी निघाली तेव्हा नुसता धूसर पांढरा उजेड होता. मग वरच्या बाजूने एक रेघ दिसायला लागली, बादलीतल्या पाण्याच्या कडेसारखी डुचमळणारी. रेघेच्या वर जग, खाली धुकं. गॅस विरत गेला तशी रेघ रोज थोडी खाली उतरायची. भीमराज पाणीखात्यातला माणूस, त्याला यात फार गोडी लागली. रजा संपल्यावर तो कामावरून आला की आधी विचारायचा, “आज पातळी कुठे?” लता हाताने दाखवायची. एके सकाळी फुगा एवढासा गोळा होऊन कोपऱ्यात फिरत होता, संध्याकाळी तोही नव्हता.

तपासणीला डॉक्टरांनी स्कॅन लावला आणि बोटाने दाखवलं. पडदा टेकला होता. भोक मिटलं होतं.

“तक्ता वाचा.”

लताने वाचायला सुरुवात केली. खालच्या ओळी जमल्या नाहीत. मधली अक्षरं जराशी चिमटल्यासारखी दिसत होती. पण होती. भीमराजच्या चेहऱ्यावर नाकही होतं, आणि ते लाल झालेलं होतं.

घरी येऊन तिने एक दाताचा साचा घेतला आणि सवयीने नाकाशी धरला. उजव्या डोळ्याला तो नुसता धूसर गोळा. डाव्याने पाहिला, तर मधोमध ठिपका. साचा हातभर लांब नेला तेव्हा उजव्याला स्पष्ट झाला, पण केवढासा! कडेची रेघ काही सापडली नाही. लता बराच वेळ तो साचा हातात घेऊन बसली. त्या दिवशी ती रडली, ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर रडली नव्हती तेवढी. मग तोंड धुतलं आणि गंधालीला फोन लावला.

“तुझ्या त्या कॉम्प्युटरवर दात केवढा मोठा करता येतो गं?”

“हवा तेवढा, ताई. भिंतीएवढा कर ना!”

“शिकवशील?”

“ये तर आधी!”

लताला माऊस धरता यायचा नाही. दात फिरवायला जावं तर तो स्क्रीनबाहेर उडून जायचा. पहिल्यांदा केलेली दाढ पाहून गंधाली इतकी हसली की लताही हसली. हात बोथट झाल्यासारखे वाटायचे. मेण बोटाला कळायचं, हे काही कळत नव्हतं. थकून ती एकदा म्हणाली, “मला नाही जमणार,” आणि दुपारी पुन्हा खुर्चीवर येऊन बसली. श्यामकांतनी मोठा स्क्रीन मागवला आणि तिला जमेल तशा उंचीवर बसवून दिला. हळूहळू दाढ दाढेसारखी दिसायला लागली. दाताचा आकार तिच्या डोक्यात वीस वर्षांपासून होताच, तो आता दुसऱ्या वाटेने बाहेर यायचा होता. समोरच्या दातांवर सिरॅमिकचा थर चढवायचं काम मात्र तिने कायमचं सोडलं. ते आता दुसरं कुणी करतं, आणि तिला ते खुपतं. लपवत नाही ती.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. तेजलचा नंबर मायनस नऊ होता. तेजल लेन्स लावायची, त्यामुळे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

“रविवारी डोळे दाखवायला जायचंय.”

“मम्मी, मला दिसतंय ना नीट!”

“मलाही दिसत होतं.”

तेजलने परीक्षेचं कारण सांगितलं, मैत्रिणीचा वाढदिवस सांगितला. लताने काही ऐकलं नाही, लेन्सची डबी पर्समध्ये घालून दारात उभी राहिली. हॉस्पिटलात डॉक्टर शर्मिष्ठांनी तेजलच्या बाहुल्या मोठ्या करून कडाकडांनी पडदा पाहिला. डाव्या डोळ्यात, अगदी टोकाला, पडदा विरला होता आणि तिथे बारीक चीर होती. दिसण्यात काही फरक नव्हता, कारण चीर मधोमध नव्हती. तशीच राहिली असती तर आत पाणी शिरून पडदा सुटला असता. त्याच आठवड्यात लेसरने भोवती टाके घातल्यासारखं करून ती बंद केली. तेजल बाहेर आली, डोळे चोळायला हात वर नेला आणि आईने तो धरला.

“दरवर्षी यायचं,” लता म्हणाली.

“येईन.”

“मी नसले तरी.”

“मम्मी! येईन म्हटलं ना.”

हिवाळ्यात डावा डोळा पुन्हा झिरपायला लागला. लता रोज सकाळी एकेक डोळा झाकून न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा बघायची, त्यातलीच एक तिला वाकलेली दिसली. तिने लॅबमध्ये फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि हॉस्पिटलला गेली. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला.

“नेमकं वेळेवर आलात. एक इंजेक्शन देऊ. पण लताताई, हे असं अधूनमधून होणार. हा आजार मुळातून जात नाही.”

“ते मला माहीत आहे. आजच देताय ना?”

“आजच.”

दोन दिवस विश्रांती घेऊन ती पुन्हा पंतनगरला गेली. येणाऱ्या बसचा नंबर तिला आता लांबून दिसतो. दिसला नाही तर शेजारच्याला विचारते, लाजत नाही. डाव्या डोळ्यात ती आता लेन्स लावते आणि जाड काचांच्या जागी पातळ चष्मा आला, त्यामुळे जुने लोक तिला पटकन ओळखत नाहीत. स्क्रीनवर भिंतीएवढी दाढ उघडलेली असते, आणि लता तिची कड हातभर अंतरावरून तपासत असते. उजव्या डोळ्याने.